मीठ कमी करूनही रक्तदाब का उतरत नाही?

प्रश्न
माझ्या आईचे वय ५८ आणि वजन ८४ किलो आहे. वर्षभरापासून तिने पापड-लोणचे वर्ज्य केले असून पानात वरून मीठ घेणेही सोडले आहे, तरी रक्तदाब म्हणावा तसा उतरत नाही. 'चरबीतील संप्रेरके मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकू देत नाहीत', असे डॉक्टर म्हणाले. चरबीचा आणि मिठाचा संबंध कसा, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १
चरबीला आपण कोठार समजत आलो, पण चरबीपेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात, हे १९९४ पासून ठाऊक आहे. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक सोडियम (मिठातला मुख्य घटक) परत शोषून घेतात. त्यामुळे हे शोषण किंचित वाढले तरी अंगात मीठ आणि त्याबरोबर पाणी साचते, आणि रक्तदाब चढतो. सडपातळ उंदरांना लेप्टिन टोचल्यास लघवीवाटे जास्त सोडियम जाते, स्थूल उंदरांत मात्र हा परिणाम क्षीण होतो. उलट, मेंदूमार्फत मूत्रपिंडाकडील सिम्पथेटिक चेतांना (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंना) चेतवण्याचे लेप्टिनचे काम स्थूलपणातही चालूच राहते, त्यातून रेनिन हे मूत्रपिंडातले विकर आणि पुढे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, आणि अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडातील नलिकांच्या शेवटच्या टप्प्यात सोडियम परत ओढून घेते.

प्रतिसाद २
वरील विवेचनाला एक भक्कम आधार आहे. जन्मतःच लेप्टिन नसलेले उंदीर अतिशय लठ्ठ होतात, पण त्यांचा रक्तदाब त्या प्रमाणात चढत नाही; म्हणजे दोष निव्वळ वजनाच्या आकड्याचा नव्हे. अर्थात सगळा भार लेप्टिनवर टाकणेही मला योग्य वाटत नाही, कारण मूत्रपिंडाभोवती साठलेली चरबी त्याच्यावर प्रत्यक्ष दाबही आणते. शिवाय वजन वाढते तसे अॅडिपोनेक्टिन हे संरक्षक संप्रेरक घटते, आणि ते नसलेल्या उंदरांच्या लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन गळू लागते, जे मूत्रपिंडाला इजा झाल्याचे लक्षण असते. आईंच्या लघवीतील अल्ब्युमिन तपासले आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

प्रतिसाद ३
कळकळीने सांगतो, 'कमी सोडियमचे मीठ' परस्पर सुरू करू नका. त्यात पोटॅशियम असते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असताना किंवा मूत्रपिंड अशक्त असताना ते रक्तात धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. पाव, खारी, फरसाण यांतील मीठही मोजा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. अल्ब्युमिनची तपासणी झालेली नाही, ती उद्याच करून घेतो. पापड बंद झाला तेव्हापासून आई रोज संध्याकाळी चहाबरोबर चार खाऱ्या खाते, हे मी आजवर हिशेबातच धरले नव्हते.