बाबांना हत्तीरोगाच्या गोळीने ताप आला, आता डॉक्टर अँटिबायोटिक म्हणतात. जंतावर अँटिबायोटिक कशाला?

अश्विनी_सिडको:
बाबा मूळचे आरमोरीचे, गडचिरोली जिल्हा. आई गेल्यावर त्यांना इकडे नाशिकला, सिडकोत आणलं. डावा पाय सुजायचा, उतरायचा. आम्ही वय म्हणून सोडून दिलं. शेवटी डॉक्टरांनी रात्रीचं रक्त काढायला लावलं आणि हत्तीरोग निघाला. डीईसीची पहिली गोळी घेतली त्याच रात्री हुडहुडी भरून १०२ ताप, डोकं धरून बसले. पुढची गोळी त्यांनी घेतलीच नाही. "बाई, हे औषध माझ्या अंगाला मानवत नाही," एवढंच म्हणतात. आता डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिलंय, रोज, सहा आठवडे. जखम नाही, पू नाही. मग हे कशाला?

काचपट्टी_पंचवटी:
ताई, बावीस वर्षं भंडारा-गडचिरोलीकडे मी रात्रीचं रक्त घेत फिरलो, म्हणून सविस्तर लिहितो. हत्तीरोगाच्या जंताच्या अळ्या दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडतात, रात्री दहा ते दोनच्या सुमारास बोटाच्या रक्तात येतात. ताजा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आधी तांबड्या पेशी धक्का बसल्यासारख्या हलताना दिसतात, आणि मग त्यांच्यामधून वळवळत जाणारा पारदर्शक धागा. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर.

त्या धाग्याच्या आतही कोणी राहतं, हे मला नोकरीच्या सुरुवातीला कोणी सांगितलं नव्हतं. तो वोल्बाकिया नावाचा जिवाणू. १९२४ मध्ये हर्टिग आणि वोल्बाक यांना तो क्युलेक्स डासात सापडला होता. हत्तीरोगाच्या जंतातही त्याचाच भाऊबंद असतो. मादी तो अंड्यांतून पिल्लांना देते, आणि तो नसला तर तिला पिल्लंच होत नाहीत.

डीईसीने अळ्या भराभर मरतात आणि आतले जिवाणू बाहेर सांडतात. आपल्या पांढऱ्या पेशींवर टीएलआर नावाचे पहारेकरी असतात. त्यातली २ आणि ६ ही जोडी वोल्बाकियाची लिपोप्रथिनं ओळखते, पेशी टीएनएफसारखी रसायनं सोडतात आणि माणूस तापाने फणफणतो. बाबांना एवढं सांगा: रक्तात अळ्या होत्या म्हणून ताप आला. अळ्या नसलेल्या माणसाला त्या गोळीने सहसा असं होत नाही. या एका गैरसमजापायी गावोगाव लोकांनी आमच्यासमोर गोळ्या तोंडात धरून मागे थुंकलेल्या मी पाहिल्यात. फार वाईट वाटायचं.

प्राणीशास्त्र_गंगापूररोड:
काकांचं बरोबर आहे. डॉक्सीसायक्लिन जंताला थेट मारत नाही, वोल्बाकियाला मारतं. मग मादी वांझ होते आणि मोठे जंत पुढच्या वर्ष-दोन वर्षांत मरत जातात. सगळं सावकाश होतं, म्हणून तसा ताप सहसा येत नाही. आफ्रिकेतल्या नदी-अंधत्वाच्या जंतातही हाच जिवाणू असतो. तिथे गाठीतल्या जंताभोवती न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा गराडा असतो आणि डॉक्सीसायक्लिननंतर तो ओसरतो. उलट डोळ्यात फिरणाऱ्या लोआ लोआ जंतात वोल्बाकिया नाहीच, तिथे या औषधाचा असा उपयोग होत नाही. गोळी भरपूर पाण्याबरोबर द्या, घेतल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नका. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर हे औषध देत नाहीत.

नासर्डीकाठ:
बाबांना मच्छरदाणीत झोपवा. क्युलेक्स गटाराच्या पाण्यात वाढतो, आमच्या बाजूला तर संध्याकाळी खिडकी उघडवत नाही. पाय रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, माझ्या सासूबाईंचा पाय त्यानेच आटोक्यात राहिला.

अश्विनी_सिडको:
काका, तुमचं सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाले, "रक्तवाले आले की मी मागच्या दाराने निघून जात होतो." आज नाश्त्यानंतर गोळी घेतली. सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचं का?

काचपट्टी_पंचवटी:
कधी ते डॉक्टरांना विचारा. पण तेव्हा अळ्या दिसल्या तर घाबरू नका, आधी जन्मलेल्या अळ्या काही महिने रक्तात राहतात. आणि रक्त रात्री दहानंतरच द्या.