जुहूचा विमानतळ बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

पार्ल्याचा_जुना
काल एका गृहस्थांनी लिहिलं: 'जुहूला १९४८ नंतर एकही मोठं विमान उतरलेलं नाही. चार हेलिकॉप्टरांसाठी एवढी जमीन कशाला अडवायची? बंद करा आणि बाग करा, घरं बांधा.' खाली दीडशे जणांनी माना डोलावल्या आहेत. दोन ओळींत उत्तर देऊन माझं समाधान होईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

१९२८ साली सुरू झालेला हा देशातला पहिला मुलकी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन निघाले आणि पुस मॉथ हे छोटं विमान इथेच उतरवलं. पुढे त्यांचा सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंटने ते टपाल बेल्लारीवरून मद्रासला नेलं. पावसाळ्यात जुहूला पाणी साचायचं, तेव्हा सगळं बस्तान पुण्याला हलायचं. अशा चिखलातून या देशाची विमानवाहतूक उभी राहिली. मोठी विमानं सांताक्रूझच्या विमानतळावर गेली म्हणून ही जागा रिकामी झाली, असं होत नाही.

आणि 'चार हेलिकॉप्टरं' म्हणजे काय? मुंबई हायच्या तेलफलाटांवर जाणारी माणसं इथूनच उडतात. किनाऱ्यापासून फलाट जवळजवळ १६० किलोमीटर. माझा सख्खा मामा आयुष्यभर चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी असं जगला. जानेवारी २०१८ मध्ये जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून सात जण गेले, जून २०२२ मध्ये दुसऱ्या अपघातात चार. घरातलं माणूस असं जात-येत असेल, तर त्या जागेला 'अडवलेली जमीन' म्हणवत नाही.

बागेचं म्हणाल, तर बंद गिरण्यांच्या जमिनी आठवा. १९९१ च्या नियमात एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी होती. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. लोअर परळला आज काय उभं आहे, ते बघून या.

इर्ला_तिसरा_मजला
टाटांबद्दल आदर आहे. पण आमची इमारत साठ वर्षांची, जिन्याखाली लोखंडी टेकू, लिफ्ट नाही. आई ऐंशीच्या पुढे. मागच्या खेपेला डॉक्टरांकडे न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उतरवली. पुनर्विकासाला दोन बिल्डर आले आणि उंचीची परवानगी मिळत नाही म्हणून दोघेही गेले. कारण एकच, फनेल झोन, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या मार्गाखालचा, इमारतींच्या उंचीवर बंधन असलेला पट्टा. तुमचा इतिहास आमच्या डोक्यावर बसलाय.

शिरीष_जोगेश्वरी
कालच्या त्या गृहस्थांचं 'एकही मोठं विमान उतरलेलं नाही' हे साफ चूक आहे. १९५३ मध्ये कॉमेट हे जेट विमान आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८, दोन्ही सांताक्रूझ समजून जुहूला उतरली. डीसी-८ धावपट्टी ओलांडून गेलं ते कायमचं निकामी झालं. कुणी दगावलं नाही, हे नशीब. पण माझ्या मते विमानतळ बंद करण्याचं खरं कारणच हे आहे. हाकेच्या अंतरावर दोन धावपट्ट्या ठेवायच्याच कशाला?

पार्ल्याचा_जुना
शिरीष, पन्नास वर्षांपूर्वीच्या चुकीवर आजचा निर्णय घ्यायचा? तेव्हाची उपकरणं काय होती आणि आज काय आहेत! उलट हेलिकॉप्टरं सांताक्रूझला नेलीत तर तिथे आधीच एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या आहेत, एका वेळी एकच नीट वापरता येते. त्या गर्दीत यांना कुठे घुसवणार?

इर्लेकर, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. पण उंचीच्या बंधनाचा सगळा दोष जुहूच्या माथी मारू नका.

इर्ला_तिसरा_मजला
मग कुणाच्या माथी मारू?

नगररचना_निवृत्त
सांगतो. या भागात तीन वेगवेगळी बंधनं एकावर एक चढली आहेत. पहिलं जुहूचं. दुसरं सांताक्रूझचं: त्या धावपट्ट्यांभोवती चार किलोमीटरपर्यंत साधारण ४५ मीटरची कमाल पातळी लागू आहे, आणि उतरण्याच्या मार्गाखाली त्याहून कमी. जुहू उद्या बंद झालं तरी ती हटणार नाही. तिसरं, जे सगळे विसरतात, ते लष्कराच्या वायरलेस केंद्राचं. त्याच्याभोवती सुमारे ५०० यार्डांत १५ मीटरच्या वर बांधायचं नाही. त्याचा विमानांशी काडीचाही संबंध नाही. तुमची इमारत नक्की कशात अडकली आहे हे आधी बघा.

इर्ला_तिसरा_मजला
साहेब, नकाशे शिकवू नका. सहा वर्षं खेटे घालतोय. एक कार्यालय म्हणतं तिकडून पत्र आणा, दुसरं म्हणतं ते आमच्याकडे येत नाही. एकाने तर फाइल हरवली आणि वर नव्याने शुल्क भरायला सांगितलं. तुम्ही निवृत्त आहात ना, मग खुर्चीत होतात तेव्हा हे 'तीन बंधनं' कुणाला समजावून सांगितलंत?

नगररचना_निवृत्त
माझ्या खुर्चीवर घसरायची गरज नाही. मी हे लेखी कळवलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. ऐकलं गेलं नाही याचा राग मलाही आहे.

वैशाली_स
उंचीवरच किती बोलणार? मी धावपट्टीजवळ राहते. सकाळी सातपासून खिडक्यांच्या काचा थरथरतात, बाळ दचकून उठतं. त्याबद्दल कुणी एक शब्द लिहिला नाही.

धुळ्याचा_वैमानिक
आवाज होतो, खरंय ताई. पण एक दुःख माझंही ऐका. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ पासून जुहूचा. पुढच्याच वर्षी जेआरडींना देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला तो तिथे शिकूनच. आज उड्डाणाचं शिक्षण धुळ्याला होतं. मुंबईतल्या पोरांना घर सोडून तिकडे राहावं लागतं, खर्च वाढतो, आणि मध्यमवर्गातली पोरं गळतात. शिकणारी विमानं गेली, आता हेलिकॉप्टरंही घालवा म्हणताय. विमानतळ असाच तुकड्यातुकड्याने बंद होतो.

शिकागोहून_मंदार
इथे मेग्ज फील्ड नावाचा छोटा विमानतळ होता, तळ्याकाठी. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर डेलींनी बुलडोझर पाठवून धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदल्या. विमानं तिथेच अडकली, नंतर टॅक्सीवेवरून, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावरून, उडवावी लागली. शहराला दंड झाला फक्त ३३,००० डॉलर. आता तिथे उद्यान आहे, आणि मैफिलींचं मोठं मैदानही.

इर्ला_तिसरा_मजला
म्हणजे उद्यान झालं ना?

पार्ल्याचा_जुना
झालं. तिथे झालं, हे मान्य करतो. पण ती जमीन तिकडच्या उद्यान खात्याची होती, इथली केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. बाग होईल असं छातीठोक सांगणाऱ्याने आधी त्याची लेखी हमी आणावी.

इर्ला_तिसरा_मजला
हमी मागायची वेळ आमच्यावर नाही. आम्हाला चार मजले जास्त हवेत आणि लिफ्ट हवी, बस. वायरलेसवाल्या बंधनाचं म्हणणं, ठीक आहे, पटलं असं समजा. आमच्या गल्लीतल्या निम्म्या इमारती त्या केंद्राच्या कुंपणाला लागून आहेत. पण त्यामुळे जुहूचं बंधन निर्दोष ठरत नाही.

नगररचना_निवृत्त
निर्दोष मी म्हटलंच नाही. प्राधिकरणाचा रंगीत उंची-नकाशा उघडा, सोसायटीचे अक्षांश-रेखांश टाका, कोणता रंग येतो ते इथे लिहा. वायरलेस केंद्रापासूनचं अंतरही मोजून घ्या. पुढचा अर्ज कुणाच्या नावाने करायचा ते मी सांगतो, हवं तर मसुदा करून देतो.

इर्ला_तिसरा_मजला
रविवारी सेक्रेटरींना घेऊन बसतो. पण विमानतळ बंद व्हावा हे माझं मत कायम आहे.

वैशाली_स
आणि सकाळी सातच्या आवाजाचं कुणाला लिहायचं, तेही सांगा.