मदत हवी आहे : मेंदूच्या ऑपरेशननंतर डावा हात

नमस्कार. माझी मुलगी साडेचार वर्षांची. रासमुसेन एन्सेफलायटिसमुळे (मेंदूच्या एका अर्ध्या भागाला सूज येण्याचा दुर्मिळ आजार) दिवसाला वीस-पंचवीस फिटचे झटके यायचे, औषधांना दाद देईनात. अडीच महिन्यांपूर्वी मुंबईत हेमिस्फेरोटॉमी झाली. म्हणजे मेंदूचा उजवा अर्धा भाग काढला नाही, बाकीच्यापासून तोडला. तेव्हापासून एकही झटका नाही, दृष्ट न लागो.

मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो, म्हणून ती बाजू कमकुवत झाली. डावा पाय सावरतोय, भिंत धरून चालते. हाताची मूठ मात्र वळलेलीच. बोटांची बारीक हालचाल फारशी परतणार नाही, डावीकडचं दिसणंही जाईल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण त्याचा अर्थ ताटात कळला. उजवीकडचा वरणभात संपवते, डावीकडची भाजी तशीच. ताट फिरवलं की म्हणते, "अगं आई, अजून आहे!"

विचारायचं हे, की चांगला हात बांधून कमकुवत हाताला कामाला लावायची थेरपी इतक्या लहान मुलाला कोणी दिलीये का? रोज किती वेळ? आमची दहा मिनिटांत घर डोक्यावर घेते. आणि बालवाडीत कुठे बसवायचं? मला वाटतं वर्गाच्या डाव्या टोकाला, म्हणजे फळा, बाई, मुलं सगळं उजवीकडे येईल. बाई म्हणतात, पुढे मधोमध.

औषधांचं डॉक्टर बघताहेत, त्याबद्दल सल्ला नको.