ॲक्शन फिगरच्या कार्डावरील चित्र फिगरपेक्षा अधिक का खेचते?

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे जी. आय. जो या अमेरिकी सैनिक-खेळण्यांच्या मालिकेतील काही ॲक्शन फिगर, म्हणजे सांधे हलणाऱ्या छोट्या बाहुल्या, मूळ कार्डासकट (मागच्या छापील पुठ्ठ्यासकट), न उघडलेल्या स्थितीत आहेत. त्यांतील बहुतेक फनस्कूल या भारतीय खेळणी कंपनीने आपल्याकडे विकलेल्या. कपाटापुढे उभा राहिलो की नजर ब्लिस्टरमधील, म्हणजे कार्डावर चिकटवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या फुगवट्यातील, पावणेचार इंची सैनिकाकडे क्वचितच जाते. ती जाते कार्डावर रंगवलेल्या, मागे नारिंगी-पिवळा स्फोट होत असताना अंगावर धावून येणाऱ्या माणसाकडे. घरचे याला बालपणाची ओढ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही, कारण ज्या मालिका मी लहानपणी पाहिल्याही नव्हत्या, त्यांची खोकी पाहूनही हेच होते. चित्र म्हणून त्यांत नेमके काय आहे? शिवाय काही कार्डे फिकी पडू लागली आहेत, त्यांचे काय करावे?

अजिंक्यतारा (सातारा)

याचे मूळ चित्रकलेच्याही आधी धंद्याच्या गरजेत आहे. 1978 मध्ये केनर कंपनीने स्टार वॉर्सच्या फिगर आणल्या, तेव्हा कार्डावर चित्रपटातील छायाचित्र छापले की काम भागत असे, कारण पात्र कोण हे मुलांनी पडद्यावर पाहिलेले होते. 1982 मध्ये हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो लहान आकारात नव्याने आणले, तेव्हा या नव्या पात्रांना कोणी ओळखत नव्हते. हा कोण, कशात तरबेज, किती धोकादायक, हे सारे दुकानात टांगलेल्या पुठ्ठ्यालाच सांगावे लागणार होते. ते काम हेक्टर गॅरिडो यांच्या चित्रांनी केले.

एखादे कार्ड हातात घेऊन सावकाश पाहा. शरीराचा सारा भार एका पायावर असतो, खांदा पुढे झुकलेला असतो आणि चेहऱ्यावर ताण दिसतो. फिगरचे गुडघे आणि कोपर वाकतात खरे, पण तिचा चेहरा शेंगदाण्याएवढा. त्यावर भाव उमटणार तरी किती? फिगरला जे जमत नाही, नेमके तेच चित्र करून दाखवते, आणि आपण नकळत ती हालचाल आतल्या प्लास्टिकला बहाल करतो. दुसरी खुबी पार्श्वभूमीची. स्फोट साधारण सगळ्या कार्डांवर सारखाच असल्याने दुकानाच्या भिंतीवर ती शेजारी शेजारी टांगली की एकच मोठी लढाई चालू असल्याचा भास होई. एक कार्ड घेणाऱ्या मुलाला शेजारचे हवेसे वाटावे, याची सोय त्यातच होती.

मागच्या बाजूची फाइल कार्डेही विसरू नका. लॅरी हामा यांनी लिहिलेली ती छोटी चरित्रे कापून जपून ठेवण्यासाठीच होती, त्यामुळे मागून अखंड राहिलेले कार्ड मिळाले तर संग्राहक हरखून जातो.

कराडचा संग्राहक

वरील विवेचन पटते, तरी थोडे पाणी ओततो. ही जाहिरात होती, आणि चांगलीच फुगवलेली. मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स या दुसऱ्या खेळणी-मालिकेच्या पहिल्या खोक्यांसाठी रूडी ओब्रेरो यांनी रंगवलेला कॅसल ग्रेस्कल पाहिला की हा किल्ला डोंगराएवढा असावा असे वाटते. आत निघतो तो मधोमध उघडणारा प्लास्टिकचा दर्शनी भाग. त्या मालिकेचा नायक ही-मॅन आणि खलनायक स्केलेटर यांच्या फिगरचे धडसुद्धा एकाच साच्यातले होते. साच्यावरचा खर्च वाचवायचा आणि वेगळेपणाचा भार रंगावर आणि चित्रावर टाकायचा, असा तो सरळ हिशेब होता.

विश्रामबागकरांच्या मूळ म्हणण्यालाही एक उलटा पुरावा आहे. प्लास्टिक टाळण्यासाठी हॅस्ब्रोने अलीकडे खिडकी नसलेली खोकी आणली. चित्राला पुरी मोकळी जागा मिळाली, आणि तरीही संग्राहकांनी कुरकुर केली, कारण आतली फिगर दिसेना. पुढे कंपनीला खिडकी परत आणावी लागली. नुसते चित्र पुरत नाही; चित्र आणि वस्तू एकाच नजरेत आली पाहिजेत.

औंधची वाट

औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे आहेत. घराघरांत लागलेल्या छापील प्रतींची सवय असलेल्या माणसाने ती पाहावीत. रंगाचा थर आणि कुंचल्याची ओढ छपाईत किती हरवते, ते तिथे कळते. खेळण्यांच्या कार्डांवरही मूळ रंगकामाची छापील सावलीच आपल्या वाट्याला येते, आणि तीही टिकाऊ नसते.

आता फिकेपणाविषयी. चार रंगांच्या छपाईत उजेडाने पिवळी आणि गुलाबी शाई आधी उडते, निळी आणि काळी मागे राहते. ज्वाळा पिवळ्या-गुलाबी शाईतूनच बनलेल्या असल्याने स्फोट आधी मावळतो आणि सैनिक निळसर दिसू लागतो. उडालेली शाई परत येत नाही, म्हणून कपाट खिडकीसमोरून हलवा. पावसाळ्यात सांगलीच्या दमट हवेत पुठ्ठा वाकतो आणि ब्लिस्टरचा गोंद सुटतो, तेव्हा प्रत्येक कप्प्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा व त्या वेळच्या वेळी बदला. 2019 चा पूर आठवत असेल, तर तळचा कप्पा रिकामा का ठेवावा हे सांगायला नको. दुकानाची किंमतपट्टी मात्र सोलू नका. तिच्याबरोबर चित्राचा पापुद्रा निघतो.

विश्रामबागकर (सांगली)

सर्वांचे आभार. निळसर पडलेली कार्डे पश्चिमेच्या खिडकीकडचीच निघाली. कपाट आजच आतल्या भिंतीला लावतो. कराडकरांची खिडकीची गोष्ट मान्य. फनस्कूलच्या काही फिगरचे रंग अमेरिकी फिगरहून वेगळे असल्याने कार्डावरचा माणूस एका गणवेशात आणि आतला दुसऱ्याच, असेही माझ्याकडे आहे, आणि तो विसंवाद दिसतो तो दोन्ही शेजारी आहेत म्हणूनच. अशी न जुळणारी कार्डे कोणाकडे असतील, तर पुढची-मागची छायाचित्रे येथे टाकावीत.