मदत हवी आहे: कृष्ण अय्यर यांच्या निकालांत जुना मंत्री कुठे दिसतो?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुका वकील संघात महिन्यातून एकदा कुणीतरी एखाद्या न्यायमूर्तींवर बोलतं. यावेळी पाळी माझी, आणि मी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर घेतलेत. वेळ वीस मिनिटं.

थलश्शेरीचे वकील, कुळं, शेतमजूर, कम्युनिस्ट कार्यकर्ते हे अशील. १९४८ मध्ये स्वतःच तुरुंगात जाऊन आले. १९५२ ला मद्रास विधानसभा. १९५७ ला केरळात कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर अपक्ष निवडून आले आणि मुख्यमंत्री नंबुद्रीपादांच्या मंत्रिमंडळात कायदा, गृह, तुरुंग, पाटबंधारे अशी खाती सांभाळली. १९५९ ला सरकार बरखास्त, १९६५ ला निवडणुकीत पराभव. मग १९६८ ला केरळ उच्च न्यायालय, १९७३ ला सर्वोच्च न्यायालय.

आमच्याकडचे ज्येष्ठ आत्ताच म्हणताहेत, "पक्षाचा शिक्का बसलेला माणूस न्यायासनावर कशाला?" आक्षेप जुनाच आहे, त्यांच्या नेमणुकीला तेव्हा मुंबईतल्या काही वकिलांनीही विरोध केला होता. त्यात बहरुल इस्लाम यांचं नाव निघणार हे नक्की: काँग्रेसचे खासदार, मग न्यायाधीश, १९८३ ला राजीनामा देऊन परत काँग्रेसमध्ये. त्याला उत्तर काय देऊ?

२४ जून १९७५ ची, इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवणाऱ्या निकालावर दिलेली सशर्त स्थगिती सगळ्यांना पाठ आहे, ती नको. मला असे निकाल हवेत जिथे सरकार आतून पाहिलेला माणूस दिसतो. सुनील बात्रा खटला (१९७८, कैद्यांना घातलेल्या बेड्यांचा) घेतलाय. तुरुंगखातं सांभाळलेला आणि स्वतः कोठडीत राहिलेला न्यायमूर्ती बेड्यांबद्दल लिहितो, तेव्हा वजन वेगळंच येतं. (इंग्रजी मात्र अशी की शब्दकोश उशाशी लागतो.) आणखी सुचवा. श्रोते दिवाणी-फौजदारीवाले, घटनात्मक कायद्याचे किचकट निकाल झेपणार नाहीत.

प्रतिसाद:

मोतीराम खटला घ्या, १९७८. गरीब गवंडी, दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि जामीन राहणाऱ्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. अय्यरांनी हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीवर, सोडलं. तुमच्या श्रोत्यांना हे रोजचं आहे.

दुसरा रतलाम नगरपालिकेचा खटला, १९८०. उघडी गटारं, आणि नगरपालिकेचं म्हणणं पैसे नाहीत. ती सबब त्यांनी चालू दिली नाही. मंत्री राहिलेल्या माणसाला ही सबब नवी नसणार, असं आपलं माझं मत.

बहरुल इस्लामांचा मुद्दा मात्र टाळू नका, तो खरा आहे. फरक एवढाच दाखवा की अय्यर १९८० ला निवृत्त होईपर्यंत न्यायासनावर राहिले. १९८७ ला राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले, तेही विरोधकांकडून, आणि हरले.

धागाकर्ता:

रतलाम डोक्यातच नव्हता! जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ चा (सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा) अर्ज आमच्याकडेही पडून आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करतो.