मदत हवी आहे : हा शोलाकिळी पक्षी उटीचा की मुन्नारचा?

नमस्कार मंडळी. अंबाझरी-गोरेवाड्यात पक्षी पाहणारा नागपूरकर मी, गेल्या महिन्यात उटी आणि मुन्नार एकाच फेरीत केलं. कॅमेऱ्यातली तारीख चुकलेली, कार्ड एकच. आता एक फोटो कुठला तेच कळेना! शोलाच्या (डोंगरमाथ्यावरच्या दाट सदाहरित जंगलाच्या) काळोखात, ओढ्याकाठच्या पाचोळ्यावर चिमणीएवढा निळा पक्षी, पाय लांब.

पश्चिम घाटातल्या पालघाट खिंडीच्या उत्तरेला, म्हणजे उटीकडे, निलगिरी शोलाकिळी, दक्षिणेला, मुन्नारकडे, पांढऱ्या पोटाचा, एवढं ठाऊक आहे. पहिल्याच्या कुशी (पोटाच्या बाजू) तांबूस, दुसऱ्याच्या निळसर-राखाडी. माझ्या फोटोत नेमका कुशीवरच पंख आलाय, वर आयएसओ ६४०० चा रवा (कमी उजेडातला दाणेदारपणा). कपाळ किंवा भुवईवरून सांगता येईल का? माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात दोघं एकच धरलेत, तिथं काही सापडत नाही बाप्पा.