दगड आधी तापवा

एक प्रश्न आलाय, घरी चॉकलेट करताना कोकोचे भरडलेले दाणे घातले की वेट ग्राइंडरचे दगड अडकतात, मोटर नुसती गुरगुरते. दगड गार असणार! कोको बटर, म्हणजे दाण्यांतली चरबी, साधारण ३४ अंशांना वितळतं, गार दगडाला लागलं की परत थिजतं. मी दाणे ओव्हनमध्ये ५० अंशांवर अर्धा तास ठेवते, भांडं नि दगड हेअर ड्रायरने हाताला चांगले कोमट लागेपर्यंत तापवते. मग मूठमूठ घालायचे. दादरच्या मे महिन्यात ड्रायर मिनिटभर पुरतो, पण एसी चालू असेल तर खेळ खल्लास. भांडं गरम पाण्याने विसळून मात्र तापवू नका, थेंबभर ओल राहिली तरी चॉकलेटचा गिच्च गोळा होतो. पावसाळ्यात साखरही दमटते, तीही दाण्यांशेजारी ओव्हनमध्ये. गेल्या जुलैत मी तशीच ओतली आणि दोन तास दगड खरवडत बसले.